आमवाताचे औषधपाणी

ज्या घरात जुनाट दुखणे मुक्कामाला असते, त्या घरी येणारा पाहुणा रिकाम्या हाताने येत नाही. कोणी निरगुडीचा पाला घेऊन येतो, कोणी तांब्याचे कडे, तर कोणी नुसताच पत्ता. "बाई, आमच्या मेव्हण्याला ह्याच औषधानं गुण आला. एकदा करून तर बघा, नुकसान काय होणार आहे?" हा प्रश्न गेल्या सोळा वर्षांत मला इतक्या जणांनी विचारला आहे की, त्याचे उत्तर एकदा सविस्तर द्यावे असे पुष्कळ दिवस मनात होते. ते आज देते.

आधीच सांगते, मी डॉक्टर नव्हे, वैद्यही नव्हे. करमाळा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिक्षिका होते. २००९ सालच्या थंडीत एके दिवशी सकाळी उठले तो हाताची बोटे मिटेनात. थंडीने आखडली असतील म्हणून शेकली. दहा वाजेपर्यंत मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. महिन्याभरात दोन्ही हातांची पेरे सुजली, मनगटे सुजली. भाकरी थापता येईना आणि शाळेत खडू धरता येईना. फळ्यावर तारीख लिहायची तर मुलीला पुढे बोलवावे लागे. सहा-सात महिने मी ह्याला नुसता "वात" म्हणत होते.

आपल्याकडे कोणतीही सांधेदुखी असो, तिला वातच म्हणतात. परंतु वात आणि वात ह्यांत फार अंतर आहे. वय झाल्यावर गुडघे झिजतात. ते चालल्यावर दुखतात आणि विसावा घेतला की थांबतात. रक्तात युरिक आम्ल वाढले की पायाचा अंगठा एका रात्रीत लालभडक होऊन ठणकतो. तो निराळाच रोग. माझा होता तो आमवात. डॉक्टर त्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. हजार वर्षांहून जुन्या 'माधवनिदान' ह्या ग्रंथात आमवातावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यातले वर्णन ह्या दुखण्याशी पुष्कळ जुळते. ह्यात अंगाची जी संरक्षण करणारी व्यवस्था, ती बाहेरच्या जंतूंशी लढायचे सोडून आपल्याच सांध्याच्या आतल्या अस्तरावर चालून जाते. राखणदाराने धन्याच्याच पिकात गुरे सोडावीत, तसे. ह्याची खूण अशी की, दुखणे विसाव्याने वाढते. सकाळी हात-पाय आखडलेले असतात, तास तास सुटत नाहीत आणि वापरले की थोडे मोकळे होतात. बहुधा दोन्ही बाजूंचे लहान सांधे एकदम धरतात. पुरुषांपेक्षा बायकांना हा रोग दोन-तीन पटीने जास्त होतो.

असे दुखणेकरी किती असतील? आमच्याकडून भिगवण काही फार लांब नाही. तिथे १९९६ साली पुण्याच्या डॉक्टरांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या उपक्रमातून घरोघर पाहणी केली. चार हजारांवर प्रौढ माणसे तपासली. शंभरांतली सुमारे अठरा माणसे सांध्यांच्या, स्नायूंच्या दुखण्याने त्रासलेली निघाली. त्यांतला खरा आमवात मात्र साधारण दोनशे माणसांत एकाला होता. म्हणजे हजार प्रौढ वस्तीच्या गावात पाच जण. ते पाच जण बाकीच्या पावणेदोनशेंत मिसळून जातात आणि सगळ्यांना एकच तेल चोळायला सांगितले जाते.

आता ह्या दुखण्याचा एक स्वभाव सांगते, कारण सगळी फसगत त्यातूनच होते. आमवात एका पातळीवर राहत नाही. तो भरतो आणि ओसरतो. काही आठवडे माणूस अंथरुणाला खिळतो, मग काही कारण नसताना उतार पडतो. कित्येक बायकांचा आमवात गरोदरपणी आपोआप निवतो आणि बाळंतपणानंतर पुन्हा उसळतो. बरे, आपण नवे औषध शोधायला निघतो कधी? बरे वाटत असताना कोणी निघत नाही. दुखणे शिगेला पोचले, रात्रीची झोप गेली, म्हणजे निघतो. शिगेला पोचलेले दुखणे पुढच्या दोन-चार आठवड्यांत थोडेफार खाली येणारच असते. तेवढ्यात जे काही पोटात गेले किंवा अंगाला लागले, त्याला यश येते.

खेड्यातल्या मंडळींना हे धोंडीवरून लगेच कळेल. पावसाने ओढ दिली, आषाढ कोरडा चालला, म्हणजे पोरे धोंडी काढतात. चैत्रात कोणी धोंडी काढीत नाही. धोंडीनंतर चार दिवसांनी म्हणा, दहा दिवसांनी म्हणा, पाऊस येतो. धोंडीची गंमत मलाही आवडते, मी स्वतः घागरीने पाणी ओतलेले आहे. पण पाऊस कशाने आला हे त्यावरून ठरत नाही. २००६ साली चिकुनगुन्याची साथ महाराष्ट्रात पसरली तेव्हा घरोघर सांधे धरले होते. बहुतेकांचे काही आठवड्यांत, काहींचे काही महिन्यांत आपसूक सुटले. ज्याने शेवटच्या आठवड्यात जे घेतले होते त्याचे ते रामबाण ठरले आणि त्यातली कित्येक रामबाण औषधे पुढे आमवाताच्या रोग्यांना सांगितली गेली. मलाही त्यातली तीन सांगितली होती.

मी काय काय केले त्याची यादी लांब आहे. तांब्याचे कडे घातले. निरगुडीचा शेक घेतला. सुंठीच्या काढ्यातून एरंडेल घेतले. साबूदाण्यासारख्या गोड गोळ्या घेतल्या. आंबट बंद, वांगे बंद, वाटाणा बंद, हरभरा बंद. शेवटी ताटात राहिले काय, तर भाकरी आणि दूध. वजन उतरले. लोक म्हणाले, वात झडतो आहे.

आणि मग ती पुडी आली. आठवडी बाजारात एक गृहस्थ बसत. कागदाच्या पुडीत मातकट रंगाची पूड, रोज सकाळी एक. पुडीवर नाव नाही, गाव नाही. "शुद्ध जडीबुटी आहे, बाई." तिसऱ्या दिवशी माझी बोटे मिटू लागली. आठव्या दिवशी मी भाकरी थापली. घरात सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आले. आमचे हे स्वतः बाजारात जाऊन त्या गृहस्थाच्या पाया पडून आले. आठ महिने मी ती पुडी घेतली. तोंड वाटोळे झाले, गालांवर लाली आली. शेजारणी म्हणायच्या, "बाई, तब्येत कशी छान सुधारली!" मला घोट घोट पाणी प्यावेसे वाटे, ती साखर वाढत होती हे मला कुठे ठाऊक? पुढे पावसाळ्यात तीन बाजार ते गृहस्थ फिरकलेच नाहीत. पुड्या संपल्या. चौथ्या दिवसापासून उलट्या, चक्कर, अंगात त्राण नाही. शाळेच्या ओट्यावरच पडले. इस्पितळात रक्तदाब लागता लागेना. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी माझे तोंड पाहिले, दंडाची सुरकुतलेली कातडी पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, "पुडी कुठली घेत होता?" मी आधी नाहीच म्हटले. दुसऱ्यांदा विचारल्यावर सांगितले.

त्या पुडीत काय असते ते ऐका. ह्यामागे एक खरी मोठी गोष्ट आहे. अमेरिकेत रॉचेस्टर गावच्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच नावाचे डॉक्टर होते. १९२९ सालापासून त्यांच्या लक्षात येऊ लागले होते की, आमवाताच्या रोग्याला कावीळ झाली किंवा बाई गरोदर राहिली की सांधे निवतात. म्हणजे अंगातच असे काही द्रव्य असले पाहिजे. त्यांचे सहकारी केंडॉल हे मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीतील द्रव्ये वेगळी काढीत होते. सप्टेंबर १९४८ मध्ये त्यांतले एक द्रव्य एकोणतीस वर्षांच्या, जवळजवळ अंथरुणाला खिळलेल्या बाईला टोचले. काही दिवसांतच ती चालत बाजारहाट करून आली. त्याच द्रव्याला पुढे कॉर्टिझोन म्हणू लागले. १९५० साली हेंच, केंडॉल आणि स्वित्झर्लंडचे राइखस्टाइन ह्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जगाला वाटले, आमवाताचा निकाल लागला. पण औषध थांबवले की दुखणे परत येई. चालू ठेवले तर तोंड सुजे, साखर चढे, हाडे ठिसूळ होत, डोळ्यांत मोतीबिंदू येई, दबलेला क्षय डोके वर काढी.

ह्याच कुळातल्या औषधांना आपण स्टेरॉइड म्हणतो. त्यांच्या गोळ्या स्वस्त असतात. कुटून पुडीत मिसळल्या की झाली जडीबुटी. रोज बाहेरून स्टेरॉइड मिळू लागले की आपली ग्रंथी आपले काम सोडून झोपी जाते. मग पुडी एकदम बंद झाली तर अंगात ते द्रव्य बाहेरचेही नाही आणि घरचेही नाही. माणूस कोसळतो, वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर दगावतोसुद्धा. म्हणून मंडळी, ज्यांच्या घरी अशी पुडी चालू असेल त्यांनी हे ऐकून ती उद्या सकाळी एकदम टाकून देऊ नये. पुडी हातात घेऊन डॉक्टरांकडे जावे. ते स्टेरॉइडची मात्रा हळूहळू, आठवड्या-आठवड्याने उतरवतात. आणखी एक सांगते. स्टेरॉइड हे काही विष नव्हे. मलाही डॉक्टरीणबाईंनी ते दिलेच, पण थोडके, मोजून, आणि सावकाश लागू होणारे मुख्य औषध अंगी लागेपर्यंतच. फरक मोजून देण्याचा आहे.

मुख्य औषधाचे नाव मेथोट्रेक्सेट. कॅन्सरवरचे औषध म्हणून ते आधी वापरात आले, त्यामुळे दुकानदाराने किंवा एखाद्या शिकलेल्या भाच्याने तसे सांगितले की रोगी घाबरून गोळ्या नाल्यात टाकतो. आमवातात त्याची मात्रा कितीतरी लहान असते. अमेरिकेच्या सरकारने आमवातासाठी त्याला १९८८ साली मान्यता दिली आणि आज बहुतेक ठिकाणी उपचाराची सुरुवात ह्यानेच होते. ते सांध्याचे हाड कुरतडणे थोपवते. वेदनाशामक गोळी दुखणे झाकते, पण खाली कुरतडणे चालूच राहते. शिवाय रोज घेतली तर पोटाला आणि मूत्रपिंडाला बाधते. रोग लागल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांतच हाडांचे पुष्कळ नुकसान होते आणि झालेले नुकसान कोणत्याही पॅथीने भरून येत नाही. माझ्या उजव्या हाताची दोन बोटे वाकडी आहेत. त्यात पुडीचे आठ महिने आहेत आणि त्याआधीचे वाताचे सहा-सात महिने आहेत. "नुकसान काय होणार आहे?" ह्या प्रश्नाचे उत्तर मी ती दोन बोटे दाखवून देते.

ह्या औषधाची एक गोष्ट मात्र सर्वांनी मनात पक्की धरावी. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. रोज नव्हे. "दुखणं जास्त आहे, रोज एक घेऊ" असे करून माणसे जिवावर बेतवून घेतात. आमच्या घरी भिंतीवरच्या कॅलेंडरात प्रत्येक बुधवारी लाल गोल असतो. तोंडात फोड आले, ताप आला, कुठून रक्त येऊ लागले, तर पुढची गोळी न घेता तडक डॉक्टर गाठावा. जोडीला फोलिक आम्लाची गोळी देतात, ती टाळू नये. रक्त आणि यकृत ठरल्या वेळी तपासावे लागते. दारू घेणाऱ्याने ती बंद करावी. मूल व्हावे असे वाटणाऱ्या बाईने आधीच डॉक्टरांशी बोलावे, कारण गरोदरपणी हे औषध चालत नाही. आणि गुण दिसायला सहा आठवड्यांपासून तीन महिने लागतात. पुडी तिसऱ्या दिवशी पावते, हे औषध तिसऱ्या महिन्यात. आपली माणसे पंधराव्या दिवशीच म्हणतात, "ह्यानं काही फरक नाही."

आता तुम्ही म्हणाल, बाई, मग बाकीचे सगळे टाकाऊच का? तसे मुळीच नाही. तसे मी म्हणाले तर ते खोटे होईल. टाकाऊ काय आणि कामाचे काय हे ठरवायची रीत हवी, इतकेच.

तांब्याच्या कड्याचेच घ्या. इंग्लंडमध्ये यॉर्क विद्यापीठाच्या मंडळींनी त्याची परीक्षा केली, ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. आमवाताचे सत्तर रोगी घेतले. प्रत्येकाने चार वस्तू पाळीपाळीने पाच-पाच आठवडे मनगटावर बांधल्या: तांब्याचे कडे, चुंबकाचा पट्टा, कमी जोराच्या चुंबकाचा पट्टा आणि चुंबकपणा काढून घेतलेला पट्टा. कोणाला कोणती पाळी आधी हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले. वेदना, सूज, रक्तातील खुणा, गोळ्यांचा खप हे सर्व मोजले. बिनचुंबकाच्या पट्ट्याहून कोणाचाच गुण जास्त निघाला नाही. माझे कडे मी देवघरात ठेवले आहे. तांबे चांगले आहे.

आयुर्वेदाचीही अशीच नीट परीक्षा झालेली आहे. कोइमतूरला त्रेचाळीस रोग्यांवर केलेला एक प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला वैद्यांनी रोगी तपासून दिलेली शास्त्रोक्त औषधे, दुसऱ्याला मेथोट्रेक्सेट, तिसऱ्याला दोन्ही. आणि कोणाला काय मिळते हे रोग्यालाही ठाऊक नाही, मोजणाऱ्यालाही नाही. तिन्ही गट साधारण सारखे सुधारले. एवढ्याशा प्रयोगावरून निकाल देता येत नाही, पण वैद्यकीला हसण्याचेही कारण नाही. मात्र तिथे वैद्य शिकलेले होते, औषध तपासलेले होते. २००४ साली अमेरिकेत बॉस्टन शहराच्या दुकानांतून आपल्याकडच्या बनावटीची सत्तर आयुर्वेदिक औषधे घेऊन तपासली, तर चौदांत शिसे, पारा किंवा सोमल सापडले. तेव्हा पदवीधर वैद्य, छापील नाव, परवान्याचा क्रमांक आणि पावती ह्यांवाचून काही घेऊ नये.

हल्ली "प्रतिकारशक्ती वाढवणारी" म्हणून विकली जाणारी औषधे पुष्कळ आहेत. आमवातात मुळात त्या शक्तीचेच डोके फिरलेले असते. तिला आणखी चेतवून काय साधणार, हा विचार कोणी करीत नाही. करोनाच्या काळात लोक गुळवेल फार पिऊ लागले. तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रोग्यांच्या यकृताला सूज आल्याची नोंद २०२१ साली प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली. तो वाद जाणत्यांचा. पण जो रोगी आधीच यकृतावर भार टाकणारे मेथोट्रेक्सेट घेतो, त्याने डॉक्टरांना न सांगता काढे पिऊ नयेत, इतके तर दोन्ही बाजू मान्य करतील. हळदीचे तसेच. भाजीतली हळद खुशाल खावी. हळदीच्या अर्काच्या जोरकस गोळ्यांनी काहींचे यकृत बिघडल्याचे आढळले आहे. मासळीच्या तेलाने मात्र वेदना आणि आखडणे थोडे कमी होते असे प्रयोगांत दिसलेले आहे. थोडे, फार नव्हे. आणि विडी ओढणाऱ्याने ती सोडली तर ह्या रोगात ते मोठे औषध आहे, शिवाय फुकटचे.

घरच्या घरी परीक्षा कशी करावी? मी शिक्षिका, मला हजेरीपट सुचला. जुना कोरा हजेरीपट घेतला आणि मुलांच्या नावांच्या जागी चार गोष्टी लिहिल्या: सकाळी बोटे किती मिनिटांनी सुटली, किती पेरे सुजली, भाकरी थापता आली की नाही, वेदनेची गोळी घ्यावी लागली काय. मुख्य औषध चालूच ठेवायचे, त्याला हात लावायचा नाही. नवे काही करायचे तर एका वेळी एकच, डॉक्टरांना विचारून, आणि दुखणे भरात असताना नव्हे, बेताचे असताना सुरू करायचे. किती आठवडे करायचे ते आधी लिहायचे; मागाहून मुदत वाढवायची नाही. मुदत झाली की तितकेच आठवडे बंद करून पाहायचे.

पटाने माझ्या कित्येक समजुती पुसल्या. आंबट सहा आठवडे बंद आणि सहा आठवडे चालू, बोटांना त्याचा पत्ताच नाही. मी ताक पुन्हा सुरू केले आणि जेवणाची रुची परत आली. निरगुडीच्या शेकाने मिनिटे बदलली नाहीत, पण शेकल्यावर तासभर बरे वाटते हे खरे, म्हणून शेक ठेवला आहे. कोमट पाण्यात बोटांची उघडमीट केली की आखडणे लवकर सुटते, हेही पटावरच कळले.

डॉक्टरांकडे जाताना मी पट बरोबर नेते. पूर्वी मी कोणाकोणाचे काय घेते ते लपवीत असे. रागावतील ही भीती. डॉक्टरीणबाई पहिल्यांदा पट चाळून म्हणाल्या, "बाई, हे सगळे रोगी का नाही आणत?"

गेल्या मार्गशीर्षात जाऊबाईंनी मुंबईहून मासळीच्या तेलाच्या गोळ्यांची डबी आणली. आमचे हे माळकरी. ती डबी स्वयंपाकघरात नको, पडवीतल्या फडताळात ठेवायची, एवढ्यावर तडजोड झाली. डॉक्टरीणबाईंना विचारले, त्यांनी हरकत नाही म्हटले. बारा आठवड्यांची मुदत लिहिली आणि सोमवारी सुरुवात केली. त्या आठवड्यात बोटे पस्तीस मिनिटांनी सुटत होती, सूज दोन पेरांना, वेदनेच्या गोळ्या चार. सहाव्या आठवड्याला तीस मिनिटे, सूज दोनच, गोळ्या तीन. जाऊबाईंचा फोन येतो, "आला ना गुण?" मी त्यांना सांगितले आहे की पटावर अजून सहा आठवड्यांचे रकाने कोरे आहेत.